आधी नाक, मग चावी

खालापूर
२५ सप्टेंबर २०२५

ति. विमलताईस,
कुंदाचा सा. न. वि. वि.

इथे गच्चीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, आणि लागला तर तुला ऐकू येत नाही. तेव्हा आपली पत्रं आणि सदूचा भाजीचा टेंपोच बरा. शिवाय आजचं हे यांच्या कानावर जायला नको आहे.

पाऊस ओसरला तशी यांनी शेडमधली बोट तळ्यात उतरवली. तळाचं पाणी उपसलं, प्लग घासले, ऑइल बदललं. तरी इंजिन दोन गचके देऊन बंद पडतं. पेट्रोल नीट पोचत नाहीये म्हणतात. रसायनीच्या कारखान्यात यांचा जन्म गळत्या शोधण्यात गेला, त्यामुळे नियम कडक. इंजिनाचं झाकण उघडायचं, आत वाकून हुंगायचं, वास नसला तरच चावी फिरवायची. बंद जागेत पेट्रोलची वाफ साचली की एक ठिणगी पुरते. ‘आधी नाक, मग चावी’ मी झोपेतही म्हणेन.

काळजी वेगळीच आहे. काल हे ओट्याशेजारी पेपर वाचत होते आणि दूध आटून पातेलं करपलं. मला अंगणात वास आला. हे मात्र मी आत आल्यावर दचकले आणि म्हणाले, लक्ष नव्हतं. परवा नेहमीसारखं सोनचाफ्याचं फूल आणलं, आधी स्वतः हुंगून, काय घमघमतंय म्हणत माझ्या हातात दिलं. फूल आतून कुजलेलं होतं, ताई.

नानांचं विसरणं असंच सुरू झालं होतं ना? आईचं नावही राहिलं नव्हतं त्यांच्याजवळ. मला फार भीती वाटते.

गुडघ्याला तेल लाव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
कुंदा

कर्जत
२७ सप्टेंबर

चि. सौ. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बेचैन झाले. पण तू लहानपणापासून अशीच. शाळेत सिस्टरनी नुसतं नाव पुकारलं तरी रडायचीस. त्या शाळेनं आपल्याला गुडघे झाकायला शिकवलं, पोहायला नाही, म्हणून तू अजून तळ्यातल्या त्या बोटीच्या धक्क्यावर पाय ठेवत नाहीस.

नाना आधी माणसं विसरले, मग रस्ते. सुनीलराव विसरतात का? नातीचा वाढदिवस, गॅसचा नंबर, माझं तिखट बोलणं, हे सगळं लक्षात आहे का ते बघ. आणि हे कधीपासून चाललंय, तेही आठवून कळव.

रडत बसू नकोस. माझे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

ताई

खालापूर
१ ऑक्टोबर

ति. विमलताईस,
सा. न. वि. वि.

यांना सगळं आठवतं. तू लग्नात यांच्या टोपीला हसली होतीस, तेसुद्धा. मग मला अजूनच कळेनासं झालं. नीट आठवलं तर माघात तापानं पडले होते, त्यानंतरचं हे.

काल बोटीवरून आले तर अंगाला पेट्रोलचा असा भपकारा, की माझं डोकं चढलं. तसेच पानावर बसले. कारखान्यातून आल्यावर आंघोळीशिवाय पाणी न पिणारा हा माणूस! मी म्हटलं, तर शर्टाकडे बघत राहिले, जणू डाग शोधत होते. मग उठून गेले.

उद्या दसरा. अनुपम आणि हर्षला छोट्या नातीला घेऊन आज येतील. सकाळी बोटीची पूजा आहे. गेल्या वर्षीसारखं झाकण उघडून थेट इंजिनाला हळदकुंकू, निरांजन, कापूर. बंद झाकणाला काय ओवाळायचं, असं हे म्हणतात. मग छोटीला फेरी. मी घरातूनच हात हलवणार.

मन थाऱ्यावर नाही. दोन ओळी तरी लिही.

कुंदा

कर्जत
२ ऑक्टोबर, सकाळ

कुंदे,

आशीर्वाद मागाहून घे, आधी हे वाच. उठल्यापासून तुम्हां सगळ्यांना फोन लावतेय, एकाचाही लागत नाही. सदूला म्हटलंय, वाटेत कुठे भाजी उतरवू नकोस.

सुनीलरावांचं डोकं शाबूत आहे. गेलंय ते नाक. दूध, चाफा, पेट्रोल, यात विसरण्यासारखं काय आहे? त्या तापानं त्यांचा वास गेला असणार, आणि त्यांनी तो लपवला. आयुष्यभर ज्या नाकाचा मान मिळाला, ते गेलं म्हणून कुणाला सांगतील?

ते झाकणात वाकतात, पण त्यांना काही कळत नाही. पेट्रोल गळतंय, कुंदे. आणि तुम्ही तिथे निरांजन लावणार. धक्क्यावर जा. भीती वाटली तरी जा.

ताई

खालापूर
दसरा, संध्याकाळ

ति. ताई,
साष्टांग नमस्कार.

सगळे घरात आहेत. हे आधी लिहिते.

सदू उशिराच आला. टायर बसला व्हता, मी काय करू गं मावशे, असं ओरडतच उतरला. पत्र अर्धं वाचलं आणि अनवाणी धावले. धक्क्याच्या फळ्या पायाखाली हलत होत्या, मधल्या फटींतून पाणी दिसत होतं. बोटीत झाकण उघडं, छोटी यांच्या मांडीवर झेंडूची माळ घेऊन बसलेली. हर्षलाच्या दोन काड्या वाऱ्यानं विझल्या होत्या, तिसरी ती पदराच्या आडोशाला धरून ओढणार होती. मी काडेपेटी हिसकावली आणि तळ्यात फेकली. दसऱ्याच्या दिवशी! अनुपमला वाटलं, आईला वेड लागलं.

हे चिडले. आत्ताच हुंगून पाहिलंय, काही नाही म्हणाले. मी वाकले. पेट्रोलनं डोळ्यांत पाणी आलं. मी हळूच विचारलं, कसला वास येतोय? यांनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, कसला म्हणजे, उदबत्तीचा.

उदबत्ती अजून पेटलीच नव्हती.

ताई, त्यांचा चेहरा मी तुला लिहू शकत नाही. त्यांनी छोटीला उचलून अनुपमच्या हातात दिलं, सगळ्यांना वर जायला सांगितलं आणि स्वतः शेवटी आले. नंतर अनुपमला टाकीपासूनची रबरी नळी चिरलेली सापडली. नव्या इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर टिकत नाही म्हणतो. वास त्यालाही आला होता. पण बोटीला पेट्रोलचा वास यायचाच, आणि बाबांनी हुंगून पाहिलं होतं, म्हणून तो गप्प राहिला. सगळे त्या नाकाच्या भरवशावर उभे होते.

दुपारी हे माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, तुला कळलं तर बोट काढून घेशील, गॅसला हात लावू देणार नाहीस, छोटीला माझ्याजवळ ठेवणार नाहीस, याची भीती होती. मला वाटत होतं, या घरात मी एकटीच घाबरलेली आहे.

नवी नळी बसेपर्यंत चावी माझ्या कपाटात आहे. त्यानंतर झाकण मी हुंगणार. म्हणजे तो धक्का आता रोजचाच. हसू नकोस.

आत्ता दिवेलागणीला यांनी चाफ्याचं फूल आणलं. स्वतः हुंगलं नाही. तसंच माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, कसा आहे वास?

मी खूप वेळ सांगत बसले.

तुझं लक्ष असू दे आमच्यावर.

तुझीच,
कुंदा