मोर्चाला नवा कॅमेरा की जुना?

लालबाग, जानेवारी १९५६, मंगळवार संध्याकाळ

उद्या मोर्चाचे फोटो काढायचे आहेत आणि आज गोळी चालली म्हणतात. कॅमेरा कोणता न्यावा? जुन्यात मागच्या एका इवल्या काचेच्या खिडकीतून फोकस जुळवायचा, मग दुसऱ्या खिडकीतून चौकट बघायची. तेवढा वेळ गर्दीत एका जागी उभं राहायचं! नव्यात सगळं एकाच खिडकीत. पण त्याचा चकचकीत पत्रा पोलिसांना लांबूनही दिसेल. जुना मी स्वतः काळा रंगवलाय, बिनसलेला फोकसही मीच खोलून नीट केलाय, कुणाकडे शिकायला न जाता.

बायको म्हणाली, “अहो, कुठलाही न्या. उभे कुठे राहणार, ते सांगा आधी.”

मी जुना उचलून डोळ्याला लावला. पुन्हा त्या दोन खिडक्याच डोळ्यांपुढे.

जुनाच नेतो. नवा घरी राहिला, तर विकून तिला काही दिवस काढता येतील.