पैसे कधी लागतील?

मंगळवार, संध्याकाळ

सदरमधल्या फंडाच्या एजंटकडून आत्ताच आलो. सुधाच्या हृदयाच्या ऑपरेशनचे पैसे शॉर्ट टर्म बाँड फंडात टाकावे का, हे विचारायला आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. एजंट म्हणाला, "अंकलजी, पैसा कब चाहिए?"

"तीन साल बाद," मी म्हटलं.

मग तर एफडीपेक्षा बरा म्हणे, थोडं खाली-वर होतं एवढंच. थोडं म्हणजे किती? मी विचारलंच नाही. सुधानं विचारलं, "और दो महीने में ज़रूरत पड़ी तो?"

"फिर रहने दीजिए, आंटीजी."

ऑटोत मी चिडलो, "काहून बोललीस मधेच?"

ती म्हणाली, "डॉक्टरांनी ऑपरेशनला तीन वर्षं कुठं दिली आहेत?"

फंड थोडा खाली, आणि नेमकं तेव्हाच ऑपरेशन... नको. पैसे बँकेतच राहू देत. उद्या ऑपरेशनची तारीख घेतो. ती तयार आहे, मीच घाबरून पुढं ढकलून राहिलो होतो.