समोरच्याची सलामी

मामंजी, मी तुमची सून. हे सांगावं लागतंय, कारण काठी बगलेत धरून घरभर काठी शोधणारे तुम्ही. तिकडं जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी कशाची आठवणार. मला अजूनही अक्षर येत नाही. मी बोलते, थोरल्याची लेक लिहिते आणि मधूनच "आजी, हळू" म्हणून मलाच दटावते.

दिघीच्या घरामागची तालीम तरी आठवते ना? तेव्हा पिंपरीला कंपन्या उभ्या राहत होत्या. गावात कोकणातली, मराठवाड्यातली बिऱ्हाडं येत होती. पोरं नळावर एकमेकांच्या बोलीला हसायची आणि डोकी फोडायची. तुम्ही कंपनीच्या गेटावरची ड्यूटी संपवून यायचात, सगळ्यांना तांबड्या मातीत बसवायचात आणि भलतंच काही सांगायचात. म्हणे आभाळात पुष्कळ जगं हायत. तांबड्या ग्रहावर लाठीनं लढतात, पाण्याच्या ग्रहावर वल्ह्यानं, धुराच्या ग्रहावर तर डोळे मिटून. बोली वेगळ्या, देव वेगळे, पण तालमीचा कायदा सगळीकडं एकच: हात उचलायच्या आधी समोरच्याच्या ग्रहाची सलामी द्यायची. स्वतःची दिली, तर त्याचा अर्थ, मी तुला ओळखत नाही. एकेका पोराला तुम्ही एकेक ग्रह वाटलात. माझ्या थोरल्याला तांबडा, धाकट्याला पाण्याचा. मी चुलीपुढून बघत असायचे. एकदा भाकरी करपली तर म्हणालात, "सूनबाई, ध्यान कुठल्या ग्रहावर हाय?" मी मनात म्हटलं, दिलाय का तुम्ही मला एखादा?

आता थकले, मामंजी. थोरल्याला तालमीच्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत. धाकटा म्हणतो, आज्याच्या मातीत वीट पडू देणार नाही. अंगणात भिंत आली, दोन चुली झाल्या, आणि मी दोन्हीकडची पाहुणी. तुमच्या तिथीला मात्र दोघं रीतीप्रमाणं तालमीत उतरले. तुमच्या तसबिरीपुढं काठीचा एक डाव झाल्याशिवाय आपल्याकडं पानं वाढत नाहीत. थोरल्यानं काठी कपाळाला लावली. तांबड्याची सलामी. स्वतःची. धाकट्यानं काठी खाली ठेवली आणि चाकणला कांद्याची गाडी भरायची आहे म्हणत दाराकडं वळला.

मग मी पदर खोचला आणि ती काठी उचलली. गुडघे जुन्या दारासारखे वाजले. थोरल्यापुढं उभी राहून त्याला त्याच्या तांबड्याची सलामी दिली, अगदी चोख. तो गांगरला.

"आई, खुळी झालीस का? आता तुला कसली सलामी देऊ? तुझा ग्रह कोणता?"

"इचार तुझ्या आज्याला. मला दिलाच न्हाई त्यांनी."

दारातून धाकटा म्हणाला, "दादा, हात पदराला पूस अन् कपाळावर आडवा धर. चुलीपासनं उठून आई वाटेकडं बघती, तसा."

थोरल्याला पदर कुठला? त्यानं सदऱ्याच्या टोकाला हात पुसला, कपाळावर आडवा धरला आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तसाच दाराकडं वळला आणि तोच हात वल्हं मारावं तसा हवेत फिरवला. पाण्याची सलामी. धाकटा हसला नाही. पण कांद्याची गाडी त्या दिवशी जेवणं झाल्यावर भरली.

खोल्यांचं अजून ठरलेलं नाही. भिंत आहे तिथंच आहे.

हे पत्र कुठं टाकू, असं पोर विचारते. कुठं टाकू नकोस, तसबिरीमागं खोचून ठेव. मामंजी, एक सांगते. तुम्ही दिला नाहीत, तरी मी तेव्हाच एक ग्रह घेऊन ठेवला होता. सगळ्यांत लांबचा, जिथं कुणी जेवायला मागत नाही. पण इथलं उरकेपर्यंत तो रिकामाच राहू दे.

मीट गं पोरी ते पत्र आता. उद्या अळूची पातळ भाजी एकाच पातेल्यात करते, भिंतीपलीकडं डबा दे. आणि काकाला सांग, डबा रिकामा पाठवू नको, तुझ्या चुलीवरच्या भाकरी घालून पाठव.