अकराव्या वहीतील एक ओळ

मी, खाली सही करणारी, छावणीच्या दुसऱ्या फाटकासमोर सेहेचाळीस वर्षे गणवेश शिवणारी, सगळ्या शहरात टाचणीबाई म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली किंवा भिडेखातर नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या सदऱ्याची तिसरी गुंडी चौथ्या काजात गेली आहे हेही सांगितले. पुढचे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत.

वकीलसाहेब म्हणाले, थोडक्यात लिहा. त्यांना कोटही आखूडच आवडतात. मला ते जमणार नाही.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या लेकीला द्याव्यात. गेली बावीस वर्षे ती माझ्या शेजारच्या यंत्रावर बसते आहे आणि एकवीस वर्षे माझ्याशी वाद घालते आहे. वादात बहुतेक वेळा तिचेच खरे असते. हे मी जिवंतपणी कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहिले.

कलम २. तिन्ही शिलाई यंत्रे, काजाचे यंत्र आणि मोठी इस्त्री लेकीलाच. माझी कात्री मात्र तिने कागद कापायला वापरू नये. वापरलीस तर मी जिथे असेन तिथे मला कळेल.

कलम ३. कपाटातला तपकिरी कोट कुणालाही देऊ नये. तो माझ्या यजमानांचा आहे. हे छावणीत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर साधा कोट शिवायला माझ्याकडे आले आणि टेप लावताच सवयीने सावधान झाले. छाती पुढे, खांदे मागे. मी तेव्हा नवशिकी होते. तसेच माप घेतले आणि तसाच कोट शिवला. घरी जाऊन माणूस सैल झाला आणि कोट पुढून पोत्यासारखा लोंबला. दुसऱ्या दिवशी दारात उभे. म्हणाले, "बाई, हा कोट माझा नाही. माझ्यापुढे उभ्या असलेल्या कुणाचा तरी आहे." चार वेळा तक्रार घेऊन आले. पाचव्यांदा आले तेव्हा तक्रार नव्हती, तरी आले. त्यानंतर आमचे लग्न झाले.

तेव्हापासून आमच्या दुकानात एक रीत आहे आणि ती लेकीने मोडू नये. नोकरी संपवून आलेल्या माणसाचे माप उभ्या उभ्या घ्यायचे नाही. आधी बसवायचे, चहा द्यायचा, घरी कोण कोण आहे विचारायचे. दुसऱ्या कपाला खांदे खाली येतात. मग टेप काढायची. हे जाऊन सतरा वर्षे झाली. तो कोट माझ्या शेवटच्या प्रवासात माझ्या अंगावर घालावा.

कलम ४. शेजारच्या न्हाव्याला काहीही देऊ नये. त्याच्या दुकानातल्या मोठ्या आरशाचे ऊन चाळीस वर्षे दुपारी बरोबर माझ्या डोळ्यांत येते. आरसा चार बोटे सरकव म्हटले तर म्हणतो, "तुम्हीच यंत्र सरकवा." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे. म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे.

कलम ५. आता सन्मानाविषयी. आमच्या शहराचे आणि छावणीचे शंभर वर्षांचे नाते आहे म्हणून सरकारने यंदा शहराला 'सैन्यस्नेही नगर' असा अधिकृत दर्जा दिला. शहराच्या वेशीवर तशी पाटी लागली. मैदानावर सोहळा झाला, संचलन झाले, आणि नगराध्यक्षांनी मला मंचावर बोलावून मानपत्र दिले. मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू, रात्री ते उशाशी घेऊन झोपले. मानपत्र लेकीने दुकानात लावावे, पण ऊन येते त्या भिंतीवर नको.

नगरपालिकेला माझ्या मापवह्या काचेच्या कपाटात मांडायच्या आहेत. पहिल्या दहा वह्या त्यांना द्याव्यात. पण त्या कशा वाचायच्या ते सांगते. नव्या जवानाचे माप मी एका ओळीत लिहिते. शिवणीत एक इंच माया सोडते, कारण पोरगा सहा महिन्यांत भरतो. लांबच्या ठाण्यावर जाऊन तो परत आला की गणवेश ढिला झालेला असतो. मग पुन्हा माप, आणि त्याच नावाखाली दुसरी ओळ. काही नावांखाली दुसरी ओळ नाही. त्यांतले कित्येक बदली होऊन परस्पर दुसरीकडे गेले असतील, सुखात असतील. मला ते वेगळे ओळखता येत नाहीत. एका ओळीची पाने किती, ते मी कधी मोजले नाही आणि नगरपालिकेनेही मोजून पाटीवर लिहू नये. कुणाच्या घरचे पान बघायला आले तर कपाट उघडून द्यावे, खुर्ची द्यावी.

अकरावी वही देऊ नये. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ६. हे कलम माझ्या धाकट्या मुलासाठी आहे. इथे मला दोनदा उठून पाणी प्यावे लागले.

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी तो भरती झाला. गणवेशाचे कापड हातात घेऊन दुकानात आला. म्हणाला, "आई, माप घे." मी म्हणाले, "तुझं माप या वहीत जाणार नाही." त्याने कापड टेबलावर ठेवले आणि निघून गेला. भांडारातून मिळतो तसला तयार गणवेश घातला. त्याला वाटले, आईने आपल्याला तोडले. मला काय वाटत होते ते मी सांगितले नाही. मला त्याच्या नावाची पहिली ओळ लिहायची नव्हती. पहिली लिहिली की दुसरीची वाट बघणे आले. तेवढी माझी छाती नव्हती. मी वही मिटली आणि पोर गमावले. सोळा वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन तो याच छावणीत आला. इथून हाकेच्या अंतरावर राहतो, बहिणीला भेटतो, माझ्या दुकानासमोरच्या फाटकाने येत नाही.

सोहळ्यात नगराध्यक्ष म्हणाले, "या माउलीनं एकाही जवानाला दारातून परत पाठवलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली संचलनात तिसऱ्या रांगेत माझा मुलगा उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, सावधान होता. त्याच्या कोटाची कॉलर मानेपासून दोन बोटे सुटलेली होती आणि डावा खांदा उतरलेला होता. मला मानपत्र धरवेना.

त्या मंचावरून नजरेने जेवढे माप घेता आले तेवढे घेतले. घरी येऊन अकराव्या वहीत त्याचे नाव आणि पहिली ओळ लिहिली. सोळा वर्षे जपलेल्या त्याच कापडाचा परेडचा कोट शिवला. आता त्या कापडाची छटा नियमात बसत नाही, तेव्हा परेडला घालता येणार नाही. घरात घालावा. हा कोट आणि अकरावी वही धाकट्या मुलाला द्यावी. माझे चुकले, हे त्याला वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवावे. दुसरी ओळ अंगाला टेप लावूनच लिहिता येते. मृत्युपत्राने ती देता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

सही: टाचणीबाई
साक्षीदार: १. शेजारचा न्हावी २. डॉक्टर (गुंड्या नीट लावून आले)
स्थळ: दुकानाची मागची खोली. सोहळ्यानंतरचा विसावा दिवस.

पुरवणी

वरील मृत्युपत्र माझ्या पश्चात उघडायचे होते. न्हाव्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मला चाळीस वर्षे माहीत आहे, आणि तरी साक्षीला मी त्यालाच बोलावले होते. त्याला जाब विचारला तर म्हणाला, "मी नुसती दाढी करत होतो. तुमचा मुलगा खुर्चीत, वस्तरा त्याच्या गळ्यापाशी. उठता येईना, म्हणून सगळं ऐकून घेतलं त्यानं."

त्याच सकाळी मुलगा अर्धी दाढी करून दारात उभा राहिला. सावधान. म्हणाला, "माप राहिलंय म्हणे माझं."

मी म्हणाले, "आधी बस. चहा घे."

याला तीन कप लागले. मग टेप लावली आणि दुसरी ओळ लिहिली. अक्षर वाकडे आले आहे, पण वाचता येते. कोट घालून बघितला. म्हणाला, "आई, उजवी बाही आखूड आहे." अर्धा इंच होती. म्हटले, ठेवून जा, मंगळवारी ये. मंगळवारी बाही बरोबर बसली. शुक्रवारी तक्रार नव्हती, तरी आला.

सबब कलम ६ रद्द समजावे. त्यातल्या दोन्ही वस्तू ज्याच्या त्याला पोचल्या आहेत. न्हाव्याने काल आपणहून आरसा चार बोटे सरकवला, त्यामुळे कलम ४ मध्येही बदल करावा लागला असता, पण बडबडीची शिक्षा म्हणून त्याला पुन्हा साक्षीदारच केले आहे. बाकी कलमे कायम.

सही: टाचणीबाई
साक्षीदार: १. शेजारचा न्हावी
२. धाकटा मुलगा. याला या मृत्युपत्रातून आता काही मिळायचे राहिलेले नाही, म्हणून याची सही चालते, असे वकीलसाहेब म्हणाले.
स्थळ: दुकान, पुढची खोली. शुक्रवार, दुपार. डोळ्यांत ऊन नाही.