देवराईच्या मातीचं पोतं

मंगळवार, ९ डिसेंबर २००३, मंचर

आहुप्याचे धोंडूबाबा आज माती न्यायला लॅबमध्ये आले. पोत्याला हात लावण्याआधी त्यांनी चपला काढल्या. तेच डोळ्यांसमोरून जात नाहीये.

त्यांच्या डोंगरउतारावरून पाण्याची पाइपलाइन जाणार आहे. ओल्या मातीत पाइप घसरेल का, हे तपासायला मला देवराईच्या कडेची माती हवी होती. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी नेत नाही. बाबांनी देवाला विचारून माती दिली, पण काम झालं की परत आणायची, या बोलीवर.

मी हो म्हटलं होतं. मग ती भिजवून पेटीत दाबली, डांबर लावलेला पाइपाचा तुकडा तिच्यावरून ओढला, किती जोर लावल्यावर सरकतो ते पाहिलं. आणि नेहमीसारखी लॅबमागच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर टाकून दिली. बोली आठवलीच नाही. का नाही आठवली?

बाबा दारात दिसले तेव्हा खरं सांगायचं होतं. पण रस्त्याच्या कामाची तशीच तांबडी माती कोपऱ्यात होती, ते पोतं पुढे केलं.

त्यांनी चपला काढल्या, पोत्यावर डोकं टेकवलं. म्हणाले, "लई जपली राव तुमी. गावात म्हणत व्हते, सायेब काय परत देत न्हाई."

उद्या ते ती माती देवापुढे ओततील.

संध्याकाळी मागच्या ढिगाकडे गेलो. सगळ्या मात्या एक झाल्यात, देवराईची कुठली ते ओळखू येईना. पाय कुठे द्यावा कळेना. शेवटी मीही चपला काढल्या.