पर्यावरणासाठी थोडे जास्त

३ मार्च
आजपासून आपलं लॉज पर्यावरणपूरक. पाटी हिरवी रंगवली. छतावर सोलर, एसी काढून विकले, शॉवर बंद, आंघोळीला बादली. भाडं सव्वापट. महिनाभर काउंटरवर प्रत्येक पाहुण्याला विचारलं होतं, पर्यावरणासाठी थोडे जास्त द्याल का. एकही जण नाही म्हणाला नाही. बायको म्हणते, तोंडावर कोण नाही म्हणतं. तिला मार्केट रिसर्च समजावून सांगायला हवा. सोमवारपासून तिची शिकवणी सुरू करीन.

७ मार्च, सकाळ
औषध कंपनीचा एमआर आला. आपलं जुनं गिऱ्हाईक. सर्वात खणखणीत 'हो' त्याचाच होता. नवं भाडं ऐकून म्हणाला, अशा जागा हव्यातच. बॅग घेऊन येतो म्हणून गाडीकडे गेला.
संध्याकाळ: बॅग जड असावी.

८ मार्च
एमआर समोरच्या हॉटेलच्या बाल्कनीत दिसला. त्याने हात केला. मीही केला. ते हॉटेल मेहुण्याचं. म्हणजे पाहुणा घरातच राहिला.

१५ मार्च
पर्यावरणाचे प्राध्यापक सहकुटुंब उतरले. म्हटलं, सोन्याहून पिवळं. बादलीचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. त्यांच्या पत्नीने खोलीत हाताने वारा घेत एसीचं विचारलं. मी खिडकी उघडून दाखवली. खिडकीतून मेहुण्याचं एसी हॉटेल दिसतं, हे लक्षात आलं नाही. चहा पिऊन निघाले. जाताना सर म्हणाले, तुमचं कार्य थांबवू नका. थांबवणार नाही.

२४ मार्च
सगळ्या खोल्या रिकाम्या. वीज, पाणी, साबण, खर्च जवळजवळ शून्य. पर्यावरणाच्या दृष्टीने इतका चांगला महिना झाला नव्हता. खोल्या झाडणाऱ्या मावशींना मेहुण्याने बोलावलंय. जाऊ का, विचारत होत्या. जा म्हटलं.

२७ मार्च
बायकोही उद्यापासून भावाच्या काउंटरवर बसणार. घरात एकाचा तरी पगार यायला हवा, म्हणाली. चिडली नव्हती. चिडली असती तर समजूत काढता आली असती. जेवण तिथूनच डब्यात पाठवीन म्हणाली. तिला बदल हवा असेल.

२ एप्रिल
दिवस पालटले. हरित हॉटेलवाल्यांच्या परिषदेचं आमंत्रण. विषय, 'प्रवासी जास्त पैसे द्यायला तयार आहेत'. मी वक्ता. बायकोला बरोबर चल म्हटलं. तिला ड्यूटी आहे. शर्टाला इस्त्री मात्र करून दिली.

११ एप्रिल, दुपार
परिषदेच्या शहरात पोचलो. राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आयोजकांनी सुचवलेलं हरित हॉटेल पाहिलं. बांबूच्या भिंती, मातीचे माठ, अंगणात झाडं. मन प्रसन्न झालं. भाडं विचारलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, सर, थोडं जास्त आहे, पण पर्यावरणासाठी. मी म्हटलं, अवश्य, अवश्य.
स्टेशनजवळच्या एका साध्या हॉटेलात उतरलो आहे. विरुद्ध बाजूचाही अभ्यास हवा. एसी आहे. आवाज करतो, पण गार करतो.

१२ एप्रिल, सकाळी ८
खाली नाश्त्याला गेलो. परिषदेचे बाकीचे वक्ते तिथेच बसले होते. अध्यक्षसुद्धा. अध्यक्षांनी मीठ मागितलं, मी सरकवलं.
खोलीत येऊन बायकोला फोन केला. भाषणात काय बोलू, विचारलं. ती म्हणाली, झोप लागली का. म्हटलं, लागली, महिनाभरात पहिल्यांदाच.
मग तेच सांगा, म्हणाली.