उष्टा चौक

४ मार्च १९७४, सोमवार
नोंद असावी : आज मानवजातीवर घोर अन्याय झाला. उष्ट्या चौकातलं माझं बाकडं बागेच्या खोदकामासाठी उचललं. पेपर उभ्यानं वाचला. अग्रलेख उभ्यानं वाचवत नाहीत. औरंगाबादहून आलेल्या आर्किटेक्टबाई (यापुढे आ.बाई) म्हणे बाग आखण्याआधी जागेला तिचा इतिहास विचारणार. तो मी साप्ताहिकातल्या सदरात कधीच सांगून टाकलाय : लग्नाच्या पत्रावळी इथं टाकत, म्हणून उष्टा.

६ मार्च
खाली दगडी हौद निघाला. खापरी नळ. हौदाच्या खाली हातभर उतरून लांब पन्हळ, काठाला गोल खळगे. अकरा. आ.बाई म्हणाल्या, नक्षी असेल. मी मान डोलावली.
खोदकामावरची कौसल्याबाई पाटी ठेवून हसली. "नक्षी कशाची साहेब, घागरी ठेवून ठेवून पडलेत."
"कुणाच्या?"
"आमच्या. वरचा हौद तुमच्याकडच्यांचा. सांडलेलं खाली आलं की मंग आमी भरायचं. उष्टं पानी. माह्या सासूनं भरलंय इथं."
कामावरची घागर उचलून तिनं खळग्यात ठेवली. बरोबर बसली.
पत्रावळी ही माझी थाप होती. गावानं खरी धरली.
मातीच्या बुडानं काळा दगड झिजतो. किती बाया, किती वेळ उभ्या राहिल्या तर

७ मार्च
आ.बाईंनी आराखड्यातलं कारंजं रद्द केलं. आता पन्हळीत बारीक धार, खळगे उघडे, लोकांनी काठाला बसायचं.
बाग समितीचे अध्यक्ष : "हौद ठेवा, शोभा आहे. पन्हळ सिमेंटनं बुजवा. नसत्या आठवणी कशाला?" चौकाचं नावही नंदनवन करणार.
कौसल्याबाई तिथंच. "बुजवा की. नातीनं इचारलं तर सिमेंट दाखवीन."
निर्णय शनिवारच्या बैठकीत.

८ मार्च
सकाळी एका खळग्यात हात ठेवून बसलो. आतून गुळगुळीत, गार. विनोद सुचला नाही. तिसऱ्या खळग्यापाशी आ.बाईही तशाच बसलेल्या.
उद्या बैठक. साप्ताहिक सकाळीच निघतं; माझं सदर समितीवाले वाचतात, निदान शिव्या द्यायला. छापखान्यात नव्या सदराचं प्रूफ पाहिलं. 'या नावाचा उलगडा प्रस्तुत लेखकाला झाला.' खोडलं. कौसल्याबाईला विचारून तिचं पूर्ण नाव घेऊन आलो, ते घातलं, तिच्या सासूचंही.
कंपोझिटर कुरकुरला, "भाऊ, येवढी जागा न्हाई."
"मंग खालचं माझं नाव काढ."